उपपंतप्रधानांचं काम काय, ते एकदा लिहून टाका: मॉरिशसच्या खासदारांना खुलं पत्र

माननीय खासदारहो,

सगळ्यांना नमस्कार.

मी वाकोआत राहते. मूळची चिपळूणची, १९९६ ला लग्न होऊन इथे आले आणि आता आयुष्याचा जास्त भाग याच बेटावर गेलाय. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे दोन वर्षं राहिला की त्याला मत देता येतं हा तुमच्याच घटनेतला नियम, त्यामुळे २००० पासून एकही निवडणूक मी चुकवलेली नाही. २०००, २००५, २०१०, २०१४, २०१९, २०२४. सहा वेळा शाळेच्या वर्गाबाहेर रांगेत उभी राहिले, कागदावर तीन फुल्या मारल्या, घरी आले. चावी, हृदय, सूर्य, कोंबडा, सगळ्या निशाण्या वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या जोड्या करून समोर आल्या. त्या जोड्यांमधून जे एक पद दर वेळी तयार होतं त्याबद्दल हे पत्र आहे. उपपंतप्रधान. आपण सगळे डीपीएम म्हणतो ते.

मराठीत लिहितेय कारण विचार मराठीत येतात. फ्रेंच मुलगी करून देणार आहे, गव्हर्नमेंट हाउसच्या पत्त्यावर तेच येईल. पण इथली मराठी माणसं आणि तिकडे कोकणातली माझी माणसं, त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं, म्हणून मूळ पत्र आधी.

आणि आत्ता त्या खुर्चीवर कोण आहे, कोणाचं कोणाशी पटतं, कोण कोणाला सोडून जाणार, यातलं एक अक्षर मी लिहिणार नाहीये. ते रोज रेडिओवर असतं. मला खुर्चीबद्दल बोलायचंय.

झालं असं की नोव्हेंबर २०२४ चे निकाल लागले त्या आठवड्यात घरी सगळे जेवायला होतो. नणंद आली होती, तिचा मुलगा होता, चौदा वर्षांचा. टेबलावर धोल पुरी, टोमॅटोची रुगाय, टीव्हीवर नवीन मंत्रिमंडळाच्या बातम्या. एका आघाडीला मेनलँडच्या, म्हणजे मुख्य बेटाच्या, साठच्या साठ जागा मिळालेल्या, नवीनचंद्र रामगुलाम पंतप्रधान, पॉल बेरांजे डीपीएम. पोरानं पुरी तोडता तोडता विचारलं, "मामी, डीपीएम काय करतो?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, पाणी आणि लाइट. नणंद म्हणाली, काही नाही रे, दुसऱ्या पार्टीचा लीडर असतो तो. आमचे हे म्हणाले, पंतप्रधान बाहेरगावी गेले की त्यांच्या जागी बसतो, सुप्लेआन्स करतो. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि गंमत म्हणून नाही सांगत, तिघांचंही बरोबर होतं. पोरगा माझ्याकडे बघत राहिला की यातलं खरं कुठलं. मला सांगता आलं नाही. या देशात मी सहा वेळा मत दिलंय आणि देशातल्या दोन नंबरच्या माणसाचं काम काय हे मला एका वाक्यात सांगता येईना, याचं मला त्या रात्री फार वाईट वाटलं. नंतर मुलीला बसवून घटनेची कलमं वाचून काढली. त्यातून हे पत्र निघालंय.

सासूबाईंचं उत्तर आधी घेते. त्या पाणी आणि लाइट का म्हणाल्या? कारण बराच काळ ते खातं खरंच डीपीएमकडे होतं. रशीद बीबीजान डीपीएम असताना त्यांच्याकडे पाणी-वीज होती, पुढे इवान कोलेनदावेल्लू आले त्यांच्याकडेही तेच. आमच्या वाकोआच्या अंगणात देशातलं सगळ्यात मोठं धरण, मार-ओ-वाकोआ, त्यामुळे आमच्याकडे पाण्याच्या गप्पा रोजच्याच, आणि पाण्याच्या गप्पा म्हणजे डीपीएमचं नाव येणारच. सासूबाईंच्या डोक्यात ते पद म्हणजे नळ. पण त्याच्या आधी बेरांजे १९९५ ला डीपीएम झाले तेव्हा त्यांच्याकडे परराष्ट्र खातं होतं, २००० ला अर्थ. प्रविंद जगन्नाथ २००३ ला झाले, अर्थ. झेवियर-लुक दुवाल २०१४ ला झाले, टुरिझम. स्टीव्हन ओबीगाडू, घरबांधणी आणि टुरिझम. म्हणजे खातं माणसाबरोबर येतं आणि माणसाबरोबर जातं, पदाचं स्वतःचं असं काही मागे उरत नाही. पाणी-विजेचं खातं आता दुसऱ्याकडे आहे हे सासूबाईंना सांगितलं तर डीपीएम हा शब्द कशाला आहे हेच त्यांना कळणार नाही, आणि त्यांची चूक नाही त्यात.

नणंदेचं उत्तर जास्त खोल आहे. दुसऱ्या पार्टीचा लीडर. इथे जन्मलेल्या कोणालाही विचारा, तो हेच सांगेल.

आपल्याकडे एकट्या पार्टीनं निवडणूक जिंकणं कठीण, आघाडी लागतेच, आणि आघाडीची बोलणी सुरू झाली की पहिले दोन प्रश्न ठरलेले. तिकिटं किती, आणि दोन नंबर कोण. सासूबाई १९८२ ची आठवण सांगतात, ती ६०-० वाली निवडणूक. लोक रस्त्यावर नाचत होते म्हणतात. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान, हरीश बुधू डीपीएम, बेरांजे अर्थमंत्री. जून ८२ ला सरकार आलं आणि मार्च ८३ ला मोडलं. नऊ महिने. सासूबाई म्हणतात बाळंतपण तेवढ्यात होतं. मग डीपीएम म्हणून गाएतान दुवाल आले, १९८८ ला गेले. प्रेम नाबाबसिंग आले. १९९५ ला रामगुलाम आणि बेरांजे एकत्र, परत ६०-०, बेरांजे डीपीएम, आणि १९९७ च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी त्यांना सरकारातून काढलं. मग कैलाश पुरयाग. तेव्हा मी इथे नवीन होते, क्रिओल नीट कळायचं नाही, पण "कासे" हा शब्द मी भाजीवाल्यांच्या तोंडून शिकले. मोडलं. तुटलं. पहिले जे चार-पाच क्रिओल शब्द मला आले त्यातला हा एक, आणि तो कशाचा तर आघाडीचा.

२००० चं मात्र वेगळं होतं आणि ते मला लिहायचंच आहे. तेव्हा अनिरुद्ध जगन्नाथ आणि बेरांजेंनी आधीच ठरवून लोकांना सांगितलं होतं की पहिली तीन वर्षं एक, पुढची दोन वर्षं दुसरा. मी पहिल्यांदा मत दिलं ते त्या निवडणुकीत. आणि खरंच ३० सप्टेंबर २००३ ला अदलाबदल झाली. सासूबाई स्वयंपाकघरात फराता लाटत होत्या, पोळपाट टीव्हीसमोर आणून ठेवला, आणि लाटणं हातात धरून तशाच बघत बसल्या. डीपीएम होता तो पंतप्रधान झाला. हिंदू नसलेला माणूस या देशाचा पंतप्रधान झाला, पहिल्यांदाच. कसलीही मोडतोड नाही, आरडाओरडा नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बोलले तसं केलं." तव्यावरचा फराता करपला होता तोवर.

मी हे का सांगतेय, तर त्या एका वेळेला लोकांना माहीत होतं की दोन नंबरच्या माणसाला आपण कशासाठी मत देतोय. लिहिलेलं होतं, जाहीर होतं, पाळलं गेलं. पण ते दोन पार्ट्यांच्या करारात होतं, देशाच्या घटनेत नव्हतं. करार संपला, गोष्ट संपली.

आणि नंतर काय झालं बघा. डिसेंबर २०१६. सरकारी खटल्यांच्या निर्णयांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रॉसिक्युशन कमिशनच्या बिलावरून झेवियर-लुक दुवाल यांनी डीपीएमपद सोडलं आणि लगेच ते विरोधी पक्षनेते झाले. त्यांनी तत्त्वासाठी सोडलं की कसं यावर माझं मत आहे पण ते इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की काल जो माणूस सरकारात दोन नंबरला होता, ज्याला कॅबिनेटचे सगळे कागद दिसत होते, तो दुसऱ्या दिवशी समोरच्या बाकावर, आणि त्याच्या हातातली कामं कोणाकडे गेली, कशी गेली, हे आम्हाला कोणी बसवून सांगितलं नाही. मग जानेवारी २०१७ ला अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधानपदावरून उतरले आणि प्रविंद जगन्नाथ आले. तेव्हा ते अर्थमंत्री होते, डीपीएम नव्हते. घटनेप्रमाणे ते बरोबरच आहे, ज्याच्या मागे असेंब्लीचं बहुमत त्याला राष्ट्रपती बोलावतात, डीपीएमला पुढे जायचा हक्क वगैरे काही नाही. पण तेव्हा आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना वाटत होतं की डीपीएम आपोआप वर सरकतो. म्हणजे पद आहे, नाव मोठं आहे, आणि लोक त्यात आपापल्या मनातलं भरतायत.

२०२० च्या जूनमध्ये परत एक डीपीएम पदावरून गेले, कोलेनदावेल्लू. सेंट लुईच्या पॉवर प्लांटच्या कंत्राटातल्या लाचेच्या आरोपांचं प्रकरण गाजत होतं, त्यांनी काही चुकीचं केल्याचं नाकारलं, पंतप्रधानांनी त्यांना काढलं, त्यांच्या जागी ओबीगाडू आले. बरोबर एक महिन्यानं, २५ जुलैला, वाकाशियो बोट पॉइंट देस्नीजवळ खडकावर चढली आणि ऑगस्टमध्ये तेल बाहेर आलं. त्या दिवसांत आम्ही बायका कापडाच्या पिशव्यांत उसाचा पाला भरून शिवत होतो, तेल अडवायला, सगळा देश तेच करत होता, तुम्हाला आठवत असेल. हाताला डिझेलसारखा वास यायचा, दोन-दोन दिवस जायचा नाही. मी असं म्हणत नाही की डीपीएम बदलले म्हणून काही बिघडलं. मी एवढंच म्हणतेय की संकट आपल्या अंतर्गत भांडणांची तारीख बघून येत नाही, आणि दोन नंबरची खुर्ची त्या वेळी नुसती शोभेची असून चालत नाही.

आता आमच्या ह्यांचं उत्तर. सुप्लेआन्स. पंतप्रधान नसताना त्यांच्या जागी बसणारा. हे कायद्याला सगळ्यात जवळचं उत्तर आहे आणि इथेच मला सगळ्यात जास्त धक्का बसला.

कलम ५९ सांगतं की देशाला एक पंतप्रधान आणि एक उपपंतप्रधान असेल. असेल म्हणजे असेलच, पद घटनेत नावानिशी आहे. हे मला फार आवडलं होतं, कारण भारताच्या घटनेत उपपंतप्रधान हा शब्दच नाही. १९७९ ला यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान झाले तेव्हा मी आठ वर्षांची होते, बाबांनी चिपळूणला ओटीवर बसून पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली होती, आपला कराडचा माणूस दिल्लीत दोन नंबरला म्हणून शेजारचेही ऐकायला थांबले होते. ते सरकार जानेवारी १९८० पर्यंतच टिकलं. पुढे १९८९ ला देवीलाल यांनी उपपंतप्रधान म्हणून शपथ घेतली तर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टानं सांगितलं की हे नुसतं बिरुद आहे, कायद्याच्या नजरेत तो एक मंत्रीच. तेव्हा मला वाटलं होतं की मॉरिशसनं हे चांगलं केलंय, पद घटनेतच घातलंय.

पण मग कलम ६३ वाचलं. पंतप्रधान मॉरिशसबाहेर असले किंवा आजारपणामुळे काम करू शकत नसले तर राष्ट्रपती लेखी आदेश काढून डीपीएमना, आणि डीपीएम नसतील तर दुसऱ्या कुठल्यातरी मंत्र्याला, ते काम करायचा अधिकार देऊ शकतात. देऊ शकतात. देतील असं नाही. आणि ते कोणाच्या सल्ल्यानं, तर पंतप्रधानांच्याच. सल्ला घेणं शक्यच नसेल तेव्हा राष्ट्रपतींनी स्वतःच्या बुद्धीनं ठरवायचं. मुलगी वाचत होती आणि मी तिला परत परत तेच वाक्य वाचायला लावत होते. म्हणजे घटनेत ज्या पदाला नाव दिलं त्या पदाचं घटनेतलं एकमेव खास काम हे, आणि तेही "शकतात" वर टांगलेलं. बाकी सगळी खाती वाटणं, काढणं, ठेवणं, पंतप्रधानांच्या सल्ल्यानं. त्यांना वाटलं तर डीपीएम सकाळी आहे, संध्याकाळी नाही.

मी वकील नाही. माझं वाचण्यात चुकत असेल तर तुमच्यात इतके बॅरिस्टर आहेत, कृपया जाहीर सांगा, मी मान्य करीन.

पण खासदारहो, आपला देश बेट आहे. फ्रान्सचा पंतप्रधान गाडीत बसून शेजारच्या देशात जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकतो. इथून कुठेही जायचं म्हणजे समुद्र ओलांडायचा, मुंबई म्हटलं तरी सहा तासांचं विमान, लंडन बारा तास, न्यूयॉर्कचं तर विचारूच नका. लहान देशाच्या पंतप्रधानांना जास्तच फिरावं लागतं, कारण आपलं म्हणणं मांडायला दुसरं कोण आहे, शागोस बेटांच्या ब्रिटनबरोबरच्या वादाचंच बघा, हेग, न्यूयॉर्क, लंडन, किती वर्षं किती फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे मे २०२५ ला सही झाली. त्यात चूक काहीच नाही, जायलाच पाहिजे. पण म्हणून इथे सुप्लेआन्स ही कधीतरी वापरायची गोष्ट नाही, नेहमीची आहे. वर्षातले कितीतरी दिवस हा देश दोन नंबरच्या माणसाच्या हातात असतो. मग त्याचं काम नीट लिहिलेलं का नको?

बार्बाडोसचं उदाहरण मला फार लागलं. आपल्यापेक्षाही छोटं बेट, चारशे तीसेक चौरस किलोमीटर. तिथले पंतप्रधान डेव्हिड थॉम्पसन यांना २०१० ला कॅन्सर झाला, त्यांच्या आजारपणात डेप्युटी फ्रॉइंडल स्टुअर्ट यांनी काम बघितलं, आणि ऑक्टोबरात थॉम्पसन गेले त्याच दिवशी स्टुअर्ट यांनी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. लोक दुःखात होते पण सरकार कोण चालवतंय हा प्रश्न कोणाला पडला नाही. असा दिवस कोणावर येऊ नये. पण मतं देणाऱ्या माणसाला झोप लागावी म्हणून या गोष्टी आधी ठरवून ठेवायच्या असतात.

आणि आधी ठरवून ठेवायचं म्हणजे काय, हे आपल्या देशाला शिकवायची गरजच नाही. इथलं शेंबडं पोरही सायक्लोनचे क्लास सांगतं. क्लास १, क्लास २, क्लास ३, क्लास ४. कुठल्या क्लासला शाळा बंद, कधी खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, कधी पाणी भरून ठेवायचं, कधी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. कोणाच्या मर्जीवर नाही, लिहिलेलं आहे. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल आलं तेव्हा मात्र गडबड झाली, सकाळी लोक कामावर गेलेले आणि बघता बघता पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या कागदाच्या होड्यांसारख्या वाहायला लागल्या. आमचे हे तिकडेच होते. फोन लागत नव्हता. मी गॅलरीत उभी, सासूबाई देवघरात, तिन्हीसांजेला ते गुडघ्यापर्यंत चिखलात माखून आले, बूट हातात. त्या दिवसापासून माझ्या मनात हे पक्कं बसलंय की वाईट वेळेला कोणी काय करायचं हे लिहिलेलं पाहिजे आणि जे लिहिलंय ते वेळेवर झालं पाहिजे. वादळासाठी आपण चार क्लास केले. देशाच्या दोन नंबरच्या खुर्चीसाठी एक ओळ धड नाही.

मग माझं मागणं काय आहे.

पहिलं, कलम ६३ मधलं ते "शकतात" काढा. पंतप्रधान देशाबाहेर गेले किंवा आजारी पडले की डीपीएमकडे काम आपोआप जाईल, असं सरळ लिहा. आणि त्याची सूचना त्याच दिवशी लोकांपर्यंत पोचू दे, रेडिओवर, क्रिओलमध्ये, म्हणजे दूर रोड्रिग्ज बेटावर बसलेल्या माणसालाही कळेल की आज देश कोणाच्या हातात आहे. माझ्या समजुतीप्रमाणे यासाठी असेंब्लीत दोन तृतीयांश मतं लागतात. ६०-० चे निकाल या देशानं एकदा नाही अनेकदा दिलेत, तेव्हा मतांचं कारण सांगू नका.

दुसरं म्हणजे डीपीएमला काढलं किंवा त्यानं सोडलं, तर काही दिवसांत दोघांनीही असेंब्लीत उभं राहून कारण सांगायचं. पंतप्रधानांनी आणि जाणाऱ्यानं, दोघांनी. प्रेस कॉन्फरन्स नको, पार्टीच्या ऑफिसाबाहेरच्या पायरीवरचं भाषण नको. जिथे आम्ही तुम्हाला निवडून पाठवलं त्या सभागृहात, जिथे बोललेलं नोंदलं जातं. पंतप्रधानांचा काढायचा अधिकार मी काढून घ्या म्हणत नाही, तो पाहिजेच, नाहीतर सरकार चालायचंच नाही. पण दोन नंबरचा माणूस गेला आणि मतदाराला कारण तुकड्या तुकड्यानं रेडिओवरून गोळा करावं लागतं, हे बरोबर नाही.

आणि तिसरं माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं. या पदाला स्वतःचं एक काम द्या जे माणूस बदलला तरी पदाकडेच राहील. अर्थ, टुरिझम, जे खातं द्यायचं ते द्या वरून. पण वादळ, पूर, समुद्रातला अपघात, यात सगळ्या खात्यांना एकत्र आणायची जबाबदारी कायम डीपीएमची, असं का नको? रोज लागत नाही, पण लागते तेव्हा खूप वरच्या माणसाची लागते, ज्याचं ऐकावंच लागेल असा. पंतप्रधान विमानात असले तरी हा इथे असणारच, कारण त्याचं असणं हेच त्याचं काम. मग नणंदेच्या पोराला मी एका वाक्यात सांगू शकेन.

आता एक नाजूक गोष्ट, ती टाळून पुढे जाणं मला पटत नाही.

या पदावर कोण बसणार हे ठरवताना कोणत्या समाजाचा माणूस हेही बघितलं जातं, हे इथे उघड आहे. पंतप्रधान एका समाजाचा तर दोन नंबर दुसऱ्या, आणि मग खाली व्हाइस प्राइम मिनिस्टर, मग पुढच्या बाकावरचा क्रम. बाहेरून आलेल्या माणसाला हे खटकतं. मलाही सुरुवातीला खटकलं. पण इथे राहिल्यावर कळलं की या बेटावर कोणीच मूळचा नाही, सगळेच कुठून ना कुठून बोटीनं आलेले, कोणी साखळदंडात, कोणी गिरमिटावर सही करून, आणि एकाच छोट्या जागेत एकमेकांना सांभाळत राहायचं तर प्रत्येकाला वर कुठेतरी आपला चेहरा दिसावा लागतो. आम्ही मराठी तर इथे मूठभर. आमच्या ह्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून आले, घरात क्रिओल बोलतात पण आरती मराठीत म्हणतात, कास्कावेलला झाकरी नाचतात तेव्हा मला माझ्या माहेरचा जाखडीचा ठेका ऐकू येतो आणि डोळे भरून येतात. गणेश चतुर्थीची सुट्टी सगळ्या देशाला मिळते ती आम्ही संख्येनं जास्त आहोत म्हणून नाही, या देशाला लहानातल्या लहान समाजाचंही ठेवायची सवय आहे म्हणून. तेव्हा समतोल वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण समतोलासाठी बसवलेला माणूस नुसता बसवलेला राहिला, तर त्याच्या समाजाचाही अपमान होतो. आमचा माणूस दोन नंबरला आहे असं सांगताना त्या समाजातल्या आईला आपल्या मुलाला सांगता यायला पाहिजे की तो तिथे हे काम करतो. नुसतं तो तिथे आहे, एवढ्यावर किती पिढ्या खूश राहणार? आणि काम लिहिलेलं असलं की काढणंही अवघड जातं, कारण मग लोक विचारतील, तो करत होता त्या कामाचं काय झालं. आज कोणी विचारत नाही, कारण काम कोणाला माहीतच नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतील की लिहून टाकलं तर आघाड्या करणं कठीण होईल, हात बांधले जातील. थोडे बांधले जातीलही. पण गेल्या चाळीस वर्षांत हात मोकळे ठेवून आघाड्या किती टिकल्या ते वर लिहिलंच आहे. माझा तर अनुभव आहे, घर असो की सरकार, कोणी काय करायचं हे आधी बोललेलं असलं की भांडणं कमी होतात. आमच्या घरात दोन जावा, एक सासूबाई, एक चूल, आणि पहिल्या महिन्यातच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की सकाळचं कोणाचं, रात्रीचं कोणाचं. त्यावरून पुढे एकदाही वाद झाला नाही.

या पत्राची प्रत आमच्या वाकोआ-फ्लोरेआलच्या तिन्ही खासदारांना वेगळी देणार आहे, कारण माझ्या तीन फुल्या तिथेच पडतात. उत्तर फ्रेंचमध्ये, इंग्लिशमध्ये, क्रिओलमध्ये, कशातही चालेल. दर वर्षी भाद्रपदात तुमच्यातले बरेच जण आमच्या मराठी मंडळांच्या गणपतीला येता, आम्ही हार घालतो, पहिल्या रांगेत बसवतो, मोदक देतो, तुम्ही दोन शब्द बोलता आणि पुढच्या गावाला निघता. या वर्षी याल तेव्हा मांडवाच्या मागच्या बाजूला, जिथे आम्ही बायका प्रसादाच्या पुड्या बांधत बसतो तिथे, पाच मिनिटं या. सासूबाई असतील, नणंदेचा मुलगाही असेल, त्याचा प्रश्न तोच आहे. उत्तर तुम्हीच द्या त्याला.

आपली,
वाकोआची एक मतदार